मोटरचोरीचा तपास आणि चार सह्या

हे प्रकरण अभ्यासासाठी बांधलेलं आहे. गाव, ठाणे आणि माणसं कल्पित आहेत. कलमं, निकाल आणि वैद्यकीय तपशील मात्र खरे आहेत. कोठडीतल्या छळाला सरकारची मान्यता नेमकी कुठे मिळते आणि त्याला हरकत घ्यायची तर ती कुठे घ्यायची, एवढाच प्रश्न इथे तपासला आहे.

परिस्थिती

तापीकाठचा एक तालुका, जानेवारी महिना. गहू-हरभऱ्याला पाणी सुरू, केळीच्या बागा उभ्या. दोन महिन्यांत शिवारातल्या एकवीस विहिरींवरच्या मोटरी आणि केबल चोरीला गेल्या. ज्याची मोटर जाते त्याचं नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. नवी मोटर बसेपर्यंत गव्हाचं एक पाणी हुकतं, आणि रात्रपाळीच्या लाइटीवर शेजाऱ्याकडे उसनं पाणी मागायचं तर त्याचीच पाळी धड पुरत नसते. तहसीलवर मोर्चा गेला. क्राइम मीटिंगमध्ये प्रभारी अधिकाऱ्याला सगळ्यांसमोर विचारणा झाली, "डिटेक्शन का नाही?"

मंगळवारी रात्री साडेनऊला ठाण्याच्या डीबी पथकानं (गुन्हे शोधणारं पथक) वस्तीवरून चौतीस वर्षांचा एक आदिवासी शेतमजूर उचलला. कारण इतकंच, की सात वर्षांपूर्वी केबलचोरीच्या एका गुन्ह्यात त्याचं नाव होतं. त्यातून तो निर्दोष सुटला होता, पण ठाण्याच्या लेखी तो 'रेकॉर्डवरचा' राहिला. "चौकशी करून सोडतो," असं बहिणीला सांगितलं. अटक दाखवली गुरुवारी सकाळी अकराला. मधले साडेसदतीस तास स्टेशन डायरीत नाहीत.

त्या तासांत मागच्या खोलीत पिठाच्या गिरणीचा पट्टा वापरला गेला. ठाण्यांच्या बोलीत अशा पट्ट्याला 'बाजीराव' म्हणतात. एकानं खांदे दाबायचे, एकानं पाय धरायचे आणि तिसऱ्यानं तळपायांवर मारायचं. तळपाय यासाठी, की तिथली कातडी जाड, वळ लवकर दिसत नाही आणि कोर्टात माणूस चप्पल घालून उभा राहतो.

बुधवारी रात्री त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, मोटरी कोणत्या भंगारवाल्याकडे आहेत. दोन, सोबत मेहुणा होता. भंगारवाल्याकडून दोन मोटरी जप्त झाल्या. त्यातली एक त्यानं पावतीसह विकत घेतलेली निघाली. मेहुणा दिवाळीपासून बारडोलीकडे ऊसतोडीला होता आणि मुकादमाच्या वहीत त्याची रोजची हजेरी होती.

मान्यता कशी मिळते

सरकारनं छळाला लेखी मान्यता दिल्याचं ठळक उदाहरण अमेरिकेचं आहे. २ डिसेंबर २००२ रोजी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी ग्वांतानामोच्या लष्करी तुरुंगातल्या कैद्यांसाठी चौकशीच्या कठोर तंत्रांची यादी मंजूर केली. चार तासांपर्यंत उभं ठेवणं त्यात होतं. 'मी रोज आठ-दहा तास उभा असतो, मग उभं राहण्याला चारच तासांची मर्यादा का?' असा शेरा त्यांनी सहीखाली स्वतःच्या हातानं लिहिला. नौदलाचे मुख्य विधी अधिकारी अल्बर्टो मोरा काही आठवडे तोंडी हरकत घेत राहिले, फरक पडला नाही. १५ जानेवारी २००३ रोजी त्यांनी हरकतीचा मसुदा विनासही पुढे पाठवला आणि तंत्रं थांबली नाहीत तर आज दुपारी यावर सही करतो, असं कळवलं. त्याच दिवशी ती मंजुरी स्थगित झाली. एप्रिलमध्ये दुसऱ्या कागदानं चोवीस तंत्रं मंजूर झाली हेही खरं; म्हणजे मोरांचा विजय पुरा नव्हता. पण तोंडी हरकत हवेत विरली आणि लेखी हरकतीच्या नुसत्या शक्यतेनं मंत्र्याचा हुकूम मागे गेला, हे इथे कामाचं आहे.

आपल्याकडे असा हुकूम कुणी काढत नाही. उलट कायदा स्वच्छ आहे. कबुलीसाठी इजा करणं हा गुन्हा १८६० च्या दंड संहितेत कलम ३३० खाली होता, आणि त्याचं पहिलंच उदाहरण पोलीस अधिकाऱ्यानं कबुलीसाठी छळ केल्याचं होतं. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० मध्ये आहे: सात वर्षांपर्यंत शिक्षा, गंभीर इजा असेल तर दहा. पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात चालत नाही. राज्यघटनेच्या कलम २०(३) नुसार आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही.

मग मार कशासाठी? कायद्यानं ठेवलेल्या एका फटीसाठी. कबुली चालत नाही, पण आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर त्या वस्तूपुरतं निवेदन चालतं. पूर्वी हे पुरावा कायद्याचं कलम २७ होतं, आता साक्ष अधिनियमाच्या कलम २३ चं परंतुक आहे. त्यामुळे तपासाचा सगळा जोर 'मेमोरंडम पंचनामा' (वस्तू कुठे आहे हे आरोपीनं सांगितल्याची नोंद) आणि 'रिकव्हरी' (ती वस्तू जप्त करणं) यांवर. दुसरं कारण आळसाचं. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कर्ते फिट्झजेम्स स्टीफन यांनी हिंदुस्थानातल्या एका अनुभवी अधिकाऱ्याचं म्हणणं नोंदवून ठेवलं आहे. उन्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणं जास्त सुखाचं, असा त्याचा आशय. मोटरचोरीचा खरा तपास म्हणजे हे उन्हातलं हिंडणं: रिवाइंडिंगची दुकानं, भंगाराच्या वजनकाट्यांच्या पावत्या, मोटरीच्या पाटीवरचे नंबर शेतकऱ्यांच्या बिलांशी ताडून पाहणं, केबल जाळून तांबं काढलेल्या नाल्याकाठच्या काळ्या जागा, त्या रात्रींचा टॉवर डेटा. या प्रकरणात यातलं काहीच झालं नव्हतं.

तेव्हा मान्यता एका हुकमात शोधली तर ती सापडणार नाही. ती चार सह्यांत वाटलेली असते: स्टेशन डायरी, अटक पंचनामा, वैद्यकीय दाखला आणि रिमांडचा, म्हणजे कोठडीचा, आदेश. चारही सह्या बिनबोभाट झाल्या की साडेसदतीस तास नव्हतेच. यातल्या कुणालाही कुणी 'छळाला संमती द्या' म्हणत नाही, एक रकाना नेहमीसारखा भरा एवढंच सांगतात. म्हणूनच सह्या करणाऱ्याला आपण कशात सामील आहोत हे सहसा जाणवतही नाही.

पहिली सही: डायरी

मंगळवारी रात्री पाय धरायला सांगितलेला हवालदार मागे सरला. "साहेब, हे माझ्याच्यानं होणार नाही." आरडाओरडा झाला नाही. रात्री अकराला त्याची ड्युटी बदलून त्याला यात्रेच्या बंदोबस्तावर पाठवलं आणि पाय दुसऱ्यानं धरले.

या नकाराला कमी लेखू नये. शिस्तीच्या खात्यात तोंडावर 'नाही' म्हणायला छाती लागते, आणि कायदा त्याच्या बाजूनं आहे: बेकायदा हुकूम पाळल्याचा बचाव शिपायाला मिळत नाही. पण आपले हात त्यानं बाजूला काढले, एवढाच या नकाराचा परिणाम. रात्री साडेनऊला माणूस आणला त्या वेळी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर हाच हवालदार होता आणि 'चौकशीकामी इसम आणला' ही एक ओळ त्यानं लिहिली नव्हती. ती आरोप ठरली नसती, नुसती वस्तुस्थिती होती. पण त्या ओळीनं, माणसाला दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायच्या चोवीस तासांचं घड्याळ सुरू झालं असतं. माणसाच्या हालचालींवर बंधन आलं की अटक सुरू होते, अटक केव्हा नोंदवली यावर ते ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं १९९० सालीच सांगितलं आहे. ऑनलाइन डायरीत नोंदीला क्रमांक आणि वेळ पडते, ती नंतर मागेपुढे करणं कठीण. आणि माणूस आपल्या ठाण्यात आहे हे कागदावर आल्यावर त्याला मारणाऱ्याचा हात जड होतो.

दुसऱ्या सहीवर फार लिहिण्यासारखं नाही. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १८ डिसेंबर १९९६ रोजी घालून दिलेल्या अकरा सूचनांनुसार अटक पंचनाम्यावर नातेवाईक किंवा परिसरातला प्रतिष्ठित माणूस साक्षीदार हवा. इथे सही होती ठाण्याच्या नेहमीच्या पंचाची, समोरच्या टपरीवाल्याची. बहीण तेव्हा फाटकाबाहेर बसलेली होती.

तिसरी सही: दाखला

गुरुवारी दुपारी बारा चाळीसला दोन शिपाई त्याला उपजिल्हा रुग्णालयात घेऊन आले. सोबतच्या छापील फॉर्मवर एक ओळ आधीच टाइप केलेली होती: 'नो फ्रेश एक्स्टर्नल इन्ज्युरी सीन.' खाली फक्त सही आणि शिक्का बाकी. ओपीडीत दोनशेच्या वर पेशंट बसलेले असताना अशी ओळ डॉक्टरला उपकारासारखी वाटते, आणि बहुतेक दाखले तिथेच बिघडतात.

वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच्या चालण्यावरून शंका आली. तो टाच न टेकवता, पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत होता. त्यांनी शिपायांना दाराबाहेर, कानाच्या टप्प्याबाहेर उभं केलं. बेडी काढायला लावली. शिपाई म्हणाला, "मॅडम, पळाला तर?" त्यावर दार उघडं ठेवून मध्ये पडदा ओढला, म्हणजे नजर दाराशी, कान बाहेर. पावरी ही आदिवासी बोली बोलणारी एक आशाताई हजर होती, तिला बोलावलं. दुभाष्याचं काम पोलीस नाइकाकडे दिलं की तपासणी तिथेच संपते. पण माणूस अहिराणीतच बोलला, "पडी गऊ, मॅडम." तेही त्याच्या शब्दांत, अवतरणात लिहून घेतलं. तपासणीच्या वेळचा नकार हा निष्कर्ष नसतो, ती एक नोंद असते.

पुढचं काम क्रमानं झालं. सगळे कपडे उतरवून डोक्यापासून पायापर्यंत पाहणी. सावळ्या कातडीवर वळ समोरच्या उजेडात दिसत नाही. टॉर्च तिरपी धरावी, हातानं दाबून कठीणपणा आणि दुखरेपणा शोधावा. कानांत ऑटोस्कोप, कारण थोबाडीत मारल्यानं पडदा फाटतो. मनगटं, काखा, खांद्यांची ताकद, टांगल्याची खूण शोधण्यासाठी. मग तळपाय. टाचेवर आणि चवड्यावर कातडी जाड असते, म्हणून वळ बहुधा मधल्या खोलगट भागात उमटतो.

नोंद अशी झाली: उजव्या तळपायाच्या खोलगट भागावर ७ बाय ४ सेंमीचा निळा-जांभळा वळ, कडांना पिवळी छटा, दोन्ही टाचांना सूज, दाबल्यावर तीव्र वेदना, दोन्ही मांड्यांच्या मागे ४ सेंमी रुंदीचे आडवे पट्टे, कडा गडद आणि मधला भाग फिकट. असा दुहेरी कडांचा वळ पट्टा किंवा काठीसारख्या वस्तूच्या मारानं उमटतो, पडल्यानं नाही. शरीराच्या आकृतीवर प्रत्येक खूण काढली. प्रत्येक फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून, एक लांबून आणि एक जवळून घेतला.

पिवळ्या छटेचा मुद्दा मोलाचा आहे. रंगावरून वळाचं वय सांगणं एरवी बेभरवशाचं असतं, निळा-लाल-जांभळा यांवरून काही ठरत नाही. पिवळेपणा मात्र अठरा तासांच्या आत येत नाही. याचा अर्थ हा मार बुधवारी संध्याकाळी पावणेसातच्या आधीचा, म्हणजे कागदावरच्या अटकेच्या बराच आधीचा. (उलटं मात्र खरं नाही. पिवळेपणा नसला म्हणजे मार ताजा, असं कधीही लिहू नये.)

मग लघवी मागितली. ती चहाच्या रंगाची होती. डिपस्टिकवर रक्त पॉझिटिव्ह, मायक्रोस्कोपखाली लाल पेशी नाहीत. हे रक्त नसून मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूंतलं प्रथिन, असतं. मोठे स्नायू मारानं चिरडले की ते रक्तात उतरतं आणि मूत्रपिंड बंद पाडू शकतं. 'नुसत्या पट्ट्यानं काय मरतो माणूस' याचं उत्तर इथे आहे: वरून काही न दिसणारा, चालत आलेला माणूस दोन-तीन दिवसांत कोठडीत दगावतो आणि कारण 'छातीत दुखू लागल्यानं' असं लिहिलं जातं. सीपीके (स्नायू चिरडल्यावर रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) यांसाठी रक्ताचे नमुने पाठवले, सलाइन सुरू केलं, लघवी तासाला दोनशे मिलीच्या वर ठेवण्याचा प्रयत्न केला. संध्याकाळी सीपीके १८,४०० आला. सामान्य पातळी साधारण दोनशेच्या आत असते. केस मेडिकोलीगल (पोलीस-कोर्टाच्या कामाची) म्हणून नोंदवून त्याला भरती करून घेतलं. ठाण्याशी भांडण न करता छळ थांबवणारी कृती हीच होती, कारण भरती झालेला माणूस मागच्या खोलीत परत जात नाही.

छापील ओळीवर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी काट मारून शेजारी सही केली आणि मत लिहिलं: 'खुणा बोथट, रुंद, लवचीक वस्तूच्या वारंवार मारानं झालेल्या इजांशी अतिशय सुसंगत.' छळाच्या तपासणीसाठीच्या इस्तंबूल नियमावलीत मताच्या पाच पायऱ्या आहेत: सुसंगत नाही, सुसंगत, अतिशय सुसंगत, नमुनेदार, निदानात्मक. 'अतिशय सुसंगत' म्हणजे इतर कारणं शक्य, पण थोडीच. 'पोलिसांनी मारलं' असं त्यांनी लिहिलं नाही आणि ते बरोबरच केलं. त्यांनी शरीर पाहिलं होतं, मारणारा पाहिला नव्हता. फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार दाखल्याची प्रत अटक झालेल्याला द्यावी लागते, ती बहिणीच्या हाती गेली. त्याच कलमानं डॉक्टरला दुसरी तपासणी ठरवता येते. खोल वळ दीड-दोन दिवसांनी वर येतात म्हणून शनिवारची तारीख टाकली. ही तरतूद बहुतेक ठिकाणी वापरलीच जात नाही.

अर्ध्या तासात फोन आला. वरिष्ठांचा आवाज सौम्य होता. "मॅडम, एकवीस शेतकऱ्यांचा प्रश्न आहे. जुनी ओळ राहू द्या ना."

हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. मोर्चातल्या लोकांचा राग खरा होता. चोराला फटके पडले तर आमच्या भागात कुणी हळहळत नाही, आणि ज्याचं पाणी तुटलं त्याला घटनेचं कलम ऐकवणं सोपं असलं तरी उपयोगाचं नाही. यावर नेहमी दिलं जाणारं उत्तर असं, की छळानं खरं बाहेर येत नाही. हे प्रकरणही तेच दाखवतं, ऊसतोडीला गेलेला मेहुणा चोर ठरला. पण आमच्या मते नैतिक हरकत या उत्तरावर उभी करू नये. उद्या एखाद्याला मारून वीस मोटरी सापडल्या तर ती कोसळेल. आणि कधीकधी सापडतात.

खरी हरकत आधीची आहे. कोठडीतला माणूस पूर्णपणे सरकारच्या हातात असतो: पाणी, झोप, संडास, सगळं परवानगीनं. मारामारीत समोरचा निदान हात उगारू शकतो. इथे एक बाजू बांधलेली आणि दुसरीच्या मागे सगळं राज्य. त्या अवस्थेत त्याच्याच वेदनेला त्याच्याविरुद्ध साक्षीदार केलं जातं. त्यानं मोटर चोरली की नाही यानं यात फरक पडत नाही. आणि ज्याच्या नावानं हे होतं तो शेतकरी यात आपोआप भागीदार ठरतो, त्याला न विचारता. छळविरोधी आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम २ नं युद्ध, आणीबाणी, वरिष्ठांचा हुकूम यांपैकी कुठलंही कारण चालणार नाही असं म्हटलं ते याच कारणानं. भारतानं त्या करारावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली, अनुसमर्थन अजून केलेलं नाही. २०१० मध्ये लोकसभेनं मंजूर केलेलं छळ प्रतिबंधक विधेयक राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेलं आणि व्यपगत झालं.

फोनवर डॉक्टरांनी यातलं काही ऐकवलं नाही. "सर, तुमची सूचना लेखी पाठवा, मी केसपेपरला जोडते." सूचना आली नाही.

चौथी सही: रिमांड

शुक्रवारी पोलिसांनी सात दिवसांचा पीसीआर (पोलीस कोठडी) मागितला. आरोपी रुग्णालयात असल्यानं दंडाधिकाऱ्यांसमोर आधी कागदच आले. एरवी भरगच्च कोर्टात, दंडाला शिपायानं धरलेलं असताना "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" असं विचारतात, माणूस मान हलवतो आणि रोजनाम्यात 'तक्रार नाही' पडतं. दाखला समोर असल्यामुळे दंडाधिकाऱ्यांनी रुग्णालयात जाऊन, पोलिसांना बाहेर ठेवून विचारलं आणि चादर बाजूला करून पाय पाहिले. तेव्हा तो बोलला. दंडाधिकाऱ्यांनी एमसीआर (न्यायालयीन कोठडी) दिला, शनिवारच्या तपासणीचा अहवाल थेट कोर्टात मागवला, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील दिला. पीसीआर नाकारला तरी धोका टळत नाही: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मुळे पंधरा दिवसांची पोलीस कोठडी पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येते. म्हणून डिस्चार्जनंतरच्या प्रत्येक तारखेला नवी तपासणी व्हावी, असाही अर्ज दिला गेला.

पुढे अडलं ते पहिल्या सहीपाशी. पोलिसांचं लेखी म्हणणं आलं: वळ अटकेच्या आधीचे आहेत हे डॉक्टरच सांगतात, आणि आधी तो आमच्या ताब्यात नव्हताच; संतापलेल्या गावकऱ्यांनी मारलं असेल. ज्या पिवळ्या छटेनं कागदावरची अटक खोटी पाडली, तीच आता बचावाला आली. मंगळवार-बुधवारी तो ठाण्यात होता हे सिद्ध केल्याशिवाय कलम १२० चा गुन्हा उभा राहत नाही.

वकिलानं तिसऱ्याच दिवशी सीसीटीव्हीसाठी अर्ज दिला होता. परमवीर सिंग सैनी प्रकरणातल्या २ डिसेंबर २०२० च्या आदेशानुसार ठाण्याचं फाटक, लॉकअप, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या, सगळीकडे कॅमेरे हवेत आणि चित्रण अठरा महिने, अगदीच सोय नसेल तरी किमान एक वर्ष जपलं पाहिजे. उत्तर आलं, हार्ड डिस्क नादुरुस्त. अर्ज लगेच दिल्यामुळे निदान डिस्क जप्त करून न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा आदेश मिळाला. महिन्यानं अर्ज केला असता तर तीही सापडली नसती.

दुसरा अर्ज ड्युटी वाटपाच्या रजिस्टरसाठी आहे. ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा हवालदार रात्री अकराला, पाळी अर्धी झालेली असताना, अचानक बंदोबस्ताला का पाठवला गेला, याचं कारण त्या रजिस्टरात लिहिलेलं नाही. बदल आणि वेळ मात्र आहे. हवालदाराला साक्षीचं समन्स निघालं आहे.